पुण्याचे कॉम्प्युटर की कराडचे इलेक्ट्रिकल? मुलीच्या अभियांत्रिकी प्रवेशाबाबत सल्ला हवा

बार्शीकर (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी यंदा (२०२५) लातूरच्या कनिष्ठ महाविद्यालयातून बारावी उत्तीर्ण झाली असून राज्याच्या सीईटी प्रवेश परीक्षेत पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटात तिला ९३ च्या थोडे वर पर्सेंटाइल मिळाले आहे. आम्ही इतर मागास प्रवर्गात मोडतो आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे. गेल्या वर्षीच्या कॅप फेऱ्यांच्या (शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) याद्या घेऊन आम्ही बापलेक रोज रात्री बसतो आणि रोज निराळा निष्कर्ष काढून उठतो.

घरात सध्या सरळ दोन तट पडले आहेत. माझे मेहुणे पुण्यात नोकरीला आहेत. त्यांचे म्हणणे असे की शाखा कॉम्प्युटरच हवी आणि गाव पुणेच हवे, मग महाविद्यालय अलीकडे निघालेले आणि शहराच्या वेशीबाहेरचे असले तरी बिघडत नाही. लातूरच्या तिच्या भौतिकशास्त्राच्या सरांनी मात्र कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातील इलेक्ट्रिकल शाखा सुचवली आहे. मुलीला गणित आणि भौतिकशास्त्र मनापासून आवडते. प्रोग्रॅमिंग तिने अजून केलेलेच नाही, त्यामुळे ते आवडेल की नाही हे तिला सांगता येत नाही आणि तसे ती प्रामाणिकपणे कबूल करते.

शाखा आधी पाहावी, महाविद्यालय आधी पाहावे की गाव, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न असा की चार वर्षे तिथे राहणाऱ्या मुलीचा दिवस कसा जातो, याविषयी माहितीपुस्तिकेत एक ओळ नसते, ती माहिती कुठून मिळवावी? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

संगणकहमाल

मेहुण्यांचे बरोबर आहे. मी पुण्याच्या हिंजवडी आयटी पट्ट्यात अनेक वर्षे काम करतो आणि भरतीच्या मुलाखती घ्यायला बसतो. मोठ्या सॉफ्टवेअर सेवा-कंपन्या सर्व शाखांची मुले घेतात हे खरे असले, तरी चांगला पगार देणाऱ्या कित्येक कंपन्यांच्या पात्रतेच्या अटीत पहिलीच ओळ कॉम्प्युटर, आयटी आणि फार तर इलेक्ट्रॉनिक्स अशी असते. इलेक्ट्रिकलच्या मुलीला तिथे अर्जच करता येत नाही, मग ती कितीही हुशार असो. शिवाय पुण्यात राहिल्यास सुट्टीत इंटर्नशिप करता येते, सभा-संमेलनांना जाता येते आणि ओळखी वाढतात. गणित आवडणाऱ्या मुलीला प्रोग्रॅमिंग जमत नाही, असे मी क्वचितच पाहिले आहे.

भीमातीरी

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात आयुष्यभर शिकवून निवृत्त झालो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

संगणकहमाल यांनी पात्रतेच्या अटीविषयी जे लिहिले आहे ते खरे आहे. तथापि त्यांनी मुलाखतीच्या टेबलापलीकडचा शेवटचा अर्धा तास पाहिला आहे; त्याआधीची चार वर्षे कोण शिकवणार, हा प्रश्न तसाच राहतो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून शाखेच्या प्रवेशक्षमतेवरील (मंजूर जागांवरील) वरची मर्यादा उठवली. त्यानंतर अनेक खासगी महाविद्यालयांनी कॉम्प्युटर आणि त्याच्या नातलग शाखांच्या जागा भराभर वाढवल्या. कृत्रिम बुद्धिमत्ता, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी अशा निरनिराळ्या पाट्या लागल्या, परंतु पहिल्या दोन वर्षांचा अभ्यासक्रम ताडून पाहिल्यास त्यांत बहुतांशी तेच विषय आढळतात. जागा एका मंजुरीपत्राने वाढतात. डेटा स्ट्रक्चर्स किंवा ऑपरेटिंग सिस्टिम नीट शिकवू शकणारा अध्यापक तसा वाढत नाही, कारण ज्याला हे विषय खरोखर येतात त्याला हिंजवडीत दुपटीने पगार मिळतो. वीस विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक हे प्रमाण कागदावर सगळीकडेच पाळलेले असते. त्यांतील किती जण गेल्या वर्षीच रुजू झाले आणि किती जण पाच वर्षे टिकले, हे विचारल्याखेरीज त्या प्रमाणाला अर्थ नाही.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी. प्रत्येक मान्यताप्राप्त महाविद्यालयाने आपल्या संकेतस्थळावर 'मँडेटरी डिस्क्लोजर' नावाचा दस्तऐवज ठेवणे बंधनकारक आहे. त्यात अध्यापकांची नावे, पात्रता, प्रवेशक्षमता आणि शुल्क असते. तो तीन वर्षांचा मिळाला तर शेजारी शेजारी ठेवावा आणि किती नावे टिकली ते मोजावे. दुसरे साधन म्हणजे २०१६ पासून निघणारी एनआयआरएफ ही शिक्षणसंस्थांची राष्ट्रीय क्रमवारी. क्रमांकाकडे मी स्वतः फारसे पाहत नाही, परंतु त्या क्रमवारीसाठी महाविद्यालयाने भरून दिलेली माहिती खुली असते. किती विद्यार्थी ठरलेल्या मुदतीत पदवीधर झाले, किती जणांना नोकरी लागली, पगाराची मध्यगा किती आणि उच्च शिक्षणाला किती गेले, हे आकडे तिथे सापडतात. फलकावर लावलेले 'सर्वोच्च पॅकेज' हे एका विद्यार्थ्याचे असते. मध्यगा मात्र वर्गातल्या मधल्या मुलाची असते, आणि आपली मुलगी पहिल्या सहामाहीत बहुधा त्या मधल्या मुलांतच असेल. ज्या महाविद्यालयाने ही माहिती कधीच भरलेली नाही, त्याने ती का भरली नाही असे प्रवेश समितीतल्या माणसाला नम्रपणे विचारावे. उत्तर देताना त्याचा चेहरा पाहावा.

आणि कृपया कामकाजाच्या दिवशी जावे. रविवारच्या 'ओपन हाऊस'मध्ये समोशासोबत जे दाखवतात, त्यावरून काहीच कळत नाही.

मुक्ता_तृतीयवर्ष

काका, मी पुण्यात एका खासगी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे आणि मूळची परभणी जिल्ह्यातली आहे. शाखेविषयी मोठी माणसे लिहीतच आहेत, म्हणून मी दिवस कसा जातो ते सांगते.

सर्वप्रथम राहण्याचे पाहावे. बहुतेक खासगी महाविद्यालयांत मुलींच्या वसतिगृहाची क्षमता प्रवेशसंख्येच्या मानाने फार कमी असते. दुसऱ्या वर्षापासून जागा प्रथम वर्षाच्या मुलींना द्यावी लागते, त्यामुळे बाहेर कॉट बेसिसवर राहावे लागते. एका खोलीत तिघी, एक कपाट दोघींत, दोन महिन्यांचे भाडे अनामत आणि वर दलालाला एक महिन्याचे भाडे, असा साधारण हिशेब असतो. आमच्या भागात तिघींच्या खोलीतली एक कॉट साडेचार ते सहा हजारांत मिळते आणि दोन वेळच्या मेसला साडेतीन हजारांच्या आसपास पडतात. पेठेत किंवा कर्वेनगरात हे दर निराळे असतील. मेस रविवारी संध्याकाळी बंद असते. दुपारी 'फीस्ट' म्हणून जे देतात त्यात पनीरचे तुकडे मोजून तीन असतात, आणि रात्री आम्ही सगळ्या मॅगी करतो किंवा पोहे. हे किरकोळ वाटेल, परंतु पहिल्या महिन्यात घरची आठवण येते ती नेमकी रविवारी संध्याकाळी.

महाविद्यालय वेशीबाहेर असेल तर शहरात असल्याचा लाभ किती होतो, याचाही विचार व्हावा. माझी शाळेतली मैत्रीण अशाच एका ठिकाणी शिकते. पत्ता पुण्याचा आहे, पण पीएमपीची बस दर तासाला एक. शेवटची बस चुकली तर रिक्षावाला सांगेल ते द्यावे लागते. महाविद्यालयाच्या बसचे शुल्क वेगळे आणि ते सक्तीचे. तिला पुण्यात येऊन दोन वर्षे झाली, तरी भरत नाट्य मंदिर तिने पहिल्यांदा पाहिले ते मी तिला आमच्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतल्या एकांकिकेला बोलावले तेव्हा. जुलैपासून आमच्या महाविद्यालयात पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी रात्री नऊ-दहापर्यंत चालतात. मी नेपथ्याचे काम करते. लाकूड कापणे, रंगमंचावर उभे करायचे फ्लॅट रंगवणे, टेम्पो ठरवणे, पावत्या सांभाळणे यातून मला माणसांकडून काम करून घेणे जेवढे शिकता आले, तेवढे कुठल्याही 'सॉफ्ट स्किल्स'च्या तासाला आले नाही. ज्या मुली महाविद्यालयाच्या बसने पाच वाजता परततात, त्यांच्या वाट्याला यातले काहीच येत नाही.

अभ्यासाबद्दल सांगायचे तर सहामाहीचे पहिले दोन महिने मोकळे जातात आणि शेवटचे पंधरा दिवस सबमिशनमध्ये. जर्नलवर (प्रयोगवहीवर) सही हवी, सहीसाठी ७५ टक्के हजेरी हवी, आणि हजेरी कमी असेल तर डिफॉल्टरच्या यादीत नाव लागते. सर्वांत जास्त मुलांना केटी लागते (म्हणजे विषय राहतो आणि पुन्हा द्यावा लागतो) ती गणितात, विशेषतः दुसऱ्या वर्षाच्या एम-थ्री या गणिताच्या तिसऱ्या पेपरमध्ये. तुमच्या मुलीला गणित आवडत असेल तर ती पुष्कळ त्रासांतून वाचली असे समजा. मराठी माध्यमातून आली असेल तर पहिल्या ओरलला (तोंडी परीक्षेला) इंग्रजीत वाक्य जुळत नाही आणि उत्तर येत असून गुण जातात. ते दुसऱ्या सहामाहीपर्यंत सुधारते. त्यासाठी वर्गात एक-दोन जणींशी रोज इंग्रजीतच बोलायचे, असे आम्ही ठरवून घेतले होते आणि पहिले काही दिवस दोघी फक्त हसत होतो.

कृष्णाकाठ

कराडचा माजी विद्यार्थी या नात्याने माझा कल एका बाजूला असणार, हे लक्षात ठेवूनच पुढचे वाचावे.

कराडचे महाविद्यालय १९६० चे आहे. सैदापूर-विद्यानगर भागात विस्तीर्ण आवार आहे आणि वसतिगृहे आवारातच आहेत, त्यामुळे मुक्ता यांनी लिहिलेला बसचा प्रश्न मुळात उद्भवत नाही. रात्री अकरा वाजता एखादे गणित अडले तर जिन्याने वर जाऊन सीनियरला विचारता येते. माझ्या शिक्षणाचा निम्मा भाग अशा जिन्यांवर झाला आहे. गाव लहान आहे. संध्याकाळी सायकल काढून कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर जायचे, घाटावर बसायचे, भेळ खायची आणि परत यायचे, यापलीकडे करमणूक फार नाही. ज्याला मॉल आणि मल्टिप्लेक्स हवे त्याने कराडला येऊ नये. पण महिन्याचा खर्च भागवताना घरी फोन करावा लागत नाही, हेही तितकेच खरे.

इलेक्ट्रिकलविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. ही शाखा घेतली की दारे बंद होतात असे संगणकहमाल यांच्या प्रतिसादावरून वाटते. प्रत्यक्षात काही दारे बंद होतात आणि काही केवळ हिलाच उघडतात. महापारेषण, महावितरण, महानिर्मिती या राज्याच्या वीज कंपन्यांची अभियंता पदे, राज्य लोकसेवा आयोगाची अभियांत्रिकी सेवा, गेट या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवर भरती करणारे केंद्राचे सार्वजनिक उपक्रम आणि आता सौरऊर्जा, बॅटरी व विद्युत वाहनांच्या कंपन्या, ही यादी लहान नाही. माझ्या वर्गातले निम्म्याच्या आसपास लोक आज सॉफ्टवेअरमध्येच आहेत, हेही सांगून टाकतो. त्यांना तिथे इलेक्ट्रिकलने अडवले नाही.

संगणकहमाल

कृष्णाकाठ, आपल्या वर्गाचे उदाहरण आपल्या काळाचे आहे. तेव्हा कंपन्या वर्गच्या वर्ग उचलून नेत असत. गेल्या दोन-तीन वर्षांत सेवा-कंपन्यांनी नव्या भरतीला बराच हात आखडता घेतला आहे आणि अशा वेळी पहिली कात्री इतर शाखांवर चालते. भीमातीरी सरांनी खासगी महाविद्यालयांतल्या अध्यापकांविषयी लिहिले ते मान्य आहे. पण शासकीय महाविद्यालयांतही रिक्त पदे वर्षानुवर्षे भरली जात नाहीत आणि तासिका तत्त्वावरच्या (तासागणिक मानधन घेणाऱ्या) अध्यापकांवर कारभार चालतो, हे कोणी का लिहीत नाही? नाव शासकीय आहे म्हणून वर्गात रोज कोणी शिकवते आहे, असे गृहीत धरू नये.

भीमातीरी

संगणकहमाल यांचा हा मुद्दा रास्त आहे. म्हणूनच मी कोणत्याही महाविद्यालयाची शिफारस न करता पाहण्याची पद्धत लिहिली. शासकीय असो वा खासगी, दुसऱ्या वर्षाचे वेळापत्रक मागून घ्यावे आणि प्रत्येक विषयासमोर लिहिलेली आद्याक्षरे कोणाची आहेत, ते विचारावे. एकाच माणसाची आद्याक्षरे तीन-तीन विषयांसमोर दिसली तर काय समजायचे ते समजावे.

मात्र एका बाबतीत मला त्यांच्याशी सहमत होता येत नाही. 'सध्या काय चालते' यावर अठराव्या वर्षी शाखा ठरवणे म्हणजे २०२९ च्या बाजारावर आज पैज लावणे होय. मी शिकवायला लागलो तेव्हा सिव्हिलला कोणी विचारत नव्हते, मग रस्त्यांची कामे निघाली आणि सिव्हिलचे दिवस आले. मेकॅनिकल तर माझ्या डोळ्यांदेखत दोनदा वर गेले आणि दोनदा खाली आले. पाया ज्याचा पक्का आहे तो विद्यार्थी शाखा ओलांडून जातो. पाया कच्चा राहिलेल्या कॉम्प्युटरच्या पदवीधराला त्याच्याच शाखेतल्या मुलाखतीतून परत येताना मी पाहिले आहे.

बार्शीकर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. मुक्ताताईंचा प्रतिसाद मुलीने स्वतः वाचला आणि मेसच्या परिच्छेदाला मान डोलावली, कारण लातूरलाही रविवारी तसेच असते.

एक नवीनच बाब उपस्थित झाली आहे. पुण्याच्या एका महाविद्यालयातून रोज दूरध्वनी येत आहेत. त्यांचे म्हणणे असे की कॅपची वाट न पाहता संस्था स्तरावरील (महाविद्यालय स्वतः भरते त्या) जागेवर आत्ताच प्रवेश घ्यावा, नंतर कॉम्प्युटर मिळणार नाही. मुलींना शुल्क माफ आहे असे आम्ही ऐकून आहोत. ते अशा प्रवेशालाही लागू होते का, असे विचारले असता "होऊन जाईल" एवढेच उत्तर मिळाले.

सुविधा_केंद्र_अनुभव

"होऊन जाईल" या शब्दांवर कृपया एक रुपयाही भरू नये. मी काही वर्षे प्रवेशाच्या सुविधा केंद्रावर कागदपत्र पडताळणीचे काम केले आहे आणि हाच प्रसंग दर उन्हाळ्यात पाहिला आहे.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे; पूर्वी ही सवलत निम्मी होती. परंतु प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतूनच झालेला असावा लागतो. संस्था स्तरावरील किंवा व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला ती मिळत नाही. तसेच खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे या योजनेतून वगळलेली आहेत. पुण्यात कालपर्यंत महाविद्यालय असलेल्या काही संस्था आज विद्यापीठ झालेल्या आहेत, त्यामुळे फाटकावरची पाटी जरा निरखून वाचावी. आणखी असे की माफी शिक्षण व परीक्षा शुल्काची आहे. विकास शुल्क, वसतिगृह, मेस, बस आणि 'इतर' या नावाखाली जे काही असते, ते आपल्यालाच भरावे लागते. खासगी महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येते. त्यातील विकास शुल्काचा आकडा वेगळा काढून मगच दोन महाविद्यालयांची तुलना करावी.

माझ्या स्वतःच्या भाचीला एका महाविद्यालयाने माफीची रक्कम आधी भरा, शासनाकडून आली की परत करू, असे सांगितले होते. शासन निर्णयाची प्रत पुढे ठेवल्यावर त्यांनी ती मागणी सोडली. प्रत सोबत बाळगावी आणि आवाज न चढवता पुढे ठेवावी.

कागदपत्रांत नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची (मागास प्रवर्गातील कुटुंब उत्पन्नमर्यादेत असल्याच्या दाखल्याची) मुदत आधी पाहावी. २०२५-२६ च्या प्रवेशासाठी ते ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध असलेले लागते. जुने प्रमाणपत्र आहे म्हणून निर्धास्त राहिलेले पालक तहसील कार्यालयाच्या रांगेत दरवर्षी दिसतात.

भीमातीरी

पर्याय भरण्याविषयी राहून गेले होते ते लिहितो, कारण चांगले गुण असलेली मुले इथेच फसतात.

पर्यायांचा क्रम हा निव्वळ आवडीचा क्रम असावा. 'हे मिळेल, ते मिळणार नाही' असा विचार करून मिळण्याजोगे महाविद्यालय वर ठेवण्याची चूक करू नये. वरचा पर्याय मिळाला नाही म्हणून खालच्या पर्यायावरचा आपला हक्क कमी होत नाही, कारण संगणक प्रत्येक पर्यायाला गुणवत्ता क्रमांकच पाहतो. उलट वर ठेवलेले मिळाले तर सुटका नसते. २०२५-२६ च्या नियमांनुसार चार फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी एक मिळाला किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एक मिळाला, तर ती जागा आपोआप गोठते (पक्की होते) आणि ती न स्वीकारल्यास पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडावे लागते. म्हणून पहिली सहा नावे लिहिताना प्रत्येक नावापाशी थांबून मुलीला विचारावे, "हे मिळाले तर तू आनंदाने जाशील ना?"

कटऑफच्या (कोणत्या गुणांपर्यंत प्रवेश मिळाला त्याच्या) याद्या वाचताना सांकेतिक अक्षरांकडे लक्ष द्यावे. सुरुवातीचे एल म्हणजे मुलींसाठीच्या राखीव जागा, ज्या तीस टक्के असतात. शेवटचे एच म्हणजे स्वतःच्या विद्यापीठ क्षेत्रातील उमेदवार, ओ म्हणजे बाहेरच्या क्षेत्रातील आणि एस म्हणजे राज्य पातळीवरील जागा. येथे आपल्या बाबतीत एक मेख आहे. आपण बार्शीला राहता, म्हणून मुलीचे क्षेत्र सोलापूर विद्यापीठाचे असे आपण धरले असेल. परंतु हे क्षेत्र बारावी जिथून झाली त्या ठिकाणावरून ठरते. लातूरहून बारावी झाल्यामुळे तिचे क्षेत्र नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे होईल. अकरावीला लातूर गाठणाऱ्या सोलापूर आणि धाराशिवकडच्या मुलांच्या पालकांना हे जुलैत समजते आणि मग सगळी यादी नव्याने तपासावी लागते.

बार्शीकर (धागाकर्ता)

सर, ही मेख आम्हाला खरोखरच ठाऊक नव्हती. काल रात्री यादी पुन्हा नव्याने केली.

दरम्यान आम्ही दोन्ही ठिकाणी कामकाजाच्या दिवशी जाऊन आलो. पुण्याच्या त्या महाविद्यालयाची इमारत चकचकीत आहे, उद्वाहनात संगीत वाजते आणि स्वागतकक्षात पाणी विचारतात. संगणक प्रयोगशाळा पाहायची आहे असे म्हटल्यावर किल्ली शोधण्यात बराच वेळ गेला. आत ओळीने संगणक मांडलेले होते आणि मागच्या दोन रांगांतील पडद्यांवर वेष्टनाचे प्लास्टिक तसेच होते. मुलीने दुसऱ्या वर्षाचे वेळापत्रक मागितले, तेव्हा ते "अजून तयार होत आहे" असे कळले. तिथे शिकणाऱ्या दोन मुली उपाहारगृहात भेटल्या. त्यांनी सांगितले की शिकवणाऱ्या एक मॅडम फार चांगल्या होत्या, त्या दिवाळीनंतर सोडून गेल्या.

कराडला विद्युत यंत्रांच्या प्रयोगशाळेचे दार उघडे होते. चार-पाच विद्यार्थी एका डीसी मोटरभोवती उभे होते. एक मुलगी रिओस्टॅटची (विजेचा प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या उपकरणाची) सरकपट्टी हळूहळू सरकवत होती, दुसरी वेग मोजणारा टॅकोमीटर धरून आकडे मोठ्याने सांगत होती आणि तिसरा मुलगा ते लिहून घेत होता. मधेच एक आकडा चुकीचा वाटला म्हणून त्यांच्यात वाद झाला आणि त्यांनी मोटर बंद करून मोजमाप पुन्हा घेतले. माझी मुलगी दारातच उभी राहून पाहत राहिली; मग आत जाऊन तिने त्यांना काहीतरी विचारले आणि मला बाहेर ताटकळत ठेवले. परतताना पंढरपूरपर्यंत ती त्या मोटरविषयीच बोलत होती.

मेहुण्यांना हे पटलेले नाही आणि पटेल अशी चिन्हेही नाहीत. त्यांचा मान राखून पुण्यातील दोन जुन्या, नावाजलेल्या महाविद्यालयांतील कॉम्प्युटर आणि आयटी सर्वांत वर ठेवले आहे. ते मिळणे कठीण आहे हे ठाऊक आहे, परंतु मिळाले तर मुलगी आनंदाने जाईल. त्याखाली सांगलीच्या वालचंदची इलेक्ट्रिकल, मग कराडची इलेक्ट्रिकल, मग कर्वेनगरच्या मुलींच्या कमिन्स महाविद्यालयातील एक शाखा, मग नांदेडच्या श्री गुरु गोविंदसिंगजी संस्थेतील इलेक्ट्रिकल, असा क्रम आहे. दूरध्वनी करणाऱ्या महाविद्यालयाचे नाव यादीत कुठेच नाही.

संगणकहमाल

यादी चांगली आहे. माझे मत मी बदललेले नाही, पण वेष्टनातल्या संगणकांची बाजू घेण्याची माझीही तयारी नाही. इलेक्ट्रिकलच मिळाली तर पहिल्या वर्षापासून पायथन किंवा सी यांपैकी एक भाषा नीट शिकायला सांगा आणि शाखेचा मायनर (पदवीसोबतचा दुय्यम विषय) म्हणून कॉम्प्युटरचे विषय घेता येतात का, ते स्वायत्त महाविद्यालयाच्या नियमावलीत पाहा. तिसऱ्या वर्षी इंटर्नशिपसाठी अडचण आल्यास मला व्यक्तिगत संदेश पाठवावा.

मुक्ता_तृतीयवर्ष

काका, एक सांगायचे राहिले होते. प्रवेश निश्चित झाला की वसतिगृहाचा अर्ज त्याच दिवशी विचारून घ्या, कारण त्याची यादी वेगळी लागते आणि मुदत संपल्यावर कोणी ऐकत नाही. जाताना दाखल्यांच्या साक्षांकित प्रती चार-पाच संच जास्तच ठेवा. आणि ड्रॉइंगसाठी मिनी ड्राफ्टर (रेषा आणि कोन आखण्याचे साधन) नवा घेऊ नका. वरच्या वर्गातल्या मुली तो अर्ध्या किमतीत देतात, फक्त घेण्याआधी त्याचे स्क्रू नीट घट्ट होतात ना, तेवढे पाहून घ्या.